धूसरपणा एकोणीस

सूनबाईचं काम सांगायला अगदी साधं होतं. पाळणाघरातल्या मुलांचे फोटो घरच्यांना पाठवणारं एक अ‍ॅप तिची कंपनी बनवत होती. फोटो बघता बघता एखादी सूचना आली, की तिचं कार्ड समोर उघडायचं आणि मागचा फोटो धूसर व्हायचा. एवढंच. खिडकीवर वाफ धरली की बाहेरचं झाड कसं दिसतं, तसं. साहेब फोनवर म्हणाले, “देखणं हवंच, पण आजी-आजोबांना कार्डावरचं वाचता आलं पाहिजे. आपलं अ‍ॅप बघणारी निम्मी माणसं तीच. जुने फोन, जुने डोळे.” मग जाता जाता म्हणाले, “बुधवारपर्यंत द्या.” त्या ‘एवढंच’मध्ये किती दिवस जातात ते करणाऱ्यालाच ठाऊक.

जुना फोन आणि जुने डोळे, दोन्ही घरातच होते. काखेत कळसा असताना गावाला वळसा कोण घालेल? तिचे सासरे, म्हणजे बाबा, चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवून आता घरी बसले होते. घरी बसले होते म्हणजे आपलं म्हणायला. मागच्या खोलीच्या खिडकीला काळा कागद लावून ते अजून तिथे रीळ धुवायचे, आणि कुणी ‘आता मोबाइलवर काढता येतात की फोटो’ म्हटलं, की राग आलाच नाकावर. “येतात ना. माठ प्लास्टिकचाही मिळतो, म्हणून कुंभार मेला का?”

धूसर करायचं प्रकरण ऐकलं तेव्हा मात्र खुलले.

“हे आत्ता सुचलं होय तुझ्या साहेबांना? अगं, आमचा धंदाच त्यावर चालला. चेहरा तेवढा ठेवायचा आणि मागचं विरघळवायचं. मागची भिंत, भिंतीवरची पाल, कोपऱ्यात रुसून बसलेले मामा, सगळं विरघळवायचं. आणि वयस्कर बाई आली तर लेन्सवर झिरझिरीत पायमोजा ताणून बांधायचा. दहा वर्षं कमी! बाई खूश.”

“धुतलेला का, बाबा?”

“ते बाईंनी कधी विचारलं नाही.”

त्यांच्या जुन्या फोनवर धूसर चालू केलं, की तो अडेल घोड्यासारखा थांबायचा. फोटो सरकवला की झटके. क्षणाक्षणाला सगळा पडदा नव्याने धूसर करायचा म्हणजे त्या बिचाऱ्याचा जीव जायचा. शेवटी तिने तोड काढली. कार्ड उघडताना पडद्याचं एकच चित्र टिपायचं, ते नखाएवढं लहान करायचं, लहानच धूसर करायचं आणि ताणून मागे लावायचं. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. बाबांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, “म्हणजे फसवाफसवीच की!”

“तुमचा पायमोजा, तसा आमचा हा,” ती म्हणाली. दोघं हसली.

असं सगळं गोडीगुलाबीचं. आता तुम्ही म्हणाल, मग ह्या घरात दुखत होतं कुठे? दुखत होतं बोळात.

बाहेरच्या खोलीतून आत जाताना एक अरुंद बोळ होता आणि त्याच्या भिंतीवर सहा फोटो होते. सगळे काळेपांढरे, सगळे बाबांनी काढलेले. पहिले तीन त्यांच्या स्वतःच्या मुलांचे, पुढचे तीन नातवंडांचे. त्यांचा नियम होता. घरात मूल आलं, की पहिल्या आठवड्यात त्याचा फोटो काढायचा. कधी काढणार ते कुणाला सांगायचं नाही. पोर आपल्या नादात असताना टिपायचं, स्वतः धुवायचं, मागे तारीख आणि नातं लिहायचं, आणि एके सकाळी गुपचूप खिळ्याला लावून टाकायचं. फोटो लागला की ते पोर ह्या घरचं झालं, मग त्याने काच फोडो नाहीतर कुणाचं डोकं. दुसरा नियम धंद्यातला होता. हललेला, धूसर आलेला फोटो त्यांच्या हातून पुढे जायचा नाही. टराटरा फाडायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, असू द्या हो, तेवढाच आहे, तरी फाडायचे.

आठ महिन्यांपूर्वी भिंगरी आली होती. अडीच वर्षांची, दत्तक घेतलेली. कागदावर तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण उंबऱ्याच्या आत पाय ठेवल्यापासून ती एका जागी ठरली नाही, म्हणून आजीने पहिल्याच दिवशी भिंगरी म्हटलं आणि तेच चिकटलं. तिच्यासाठी सूनबाईने आणि तिच्या नवऱ्याने सहा वर्षं वाट पाहिली होती. ठरल्यावर बाबांना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “तुमचं दोघांचं ठरलंय ना? मग झालं.”

ते ‘मग झालं’ सूनबाईच्या मनात आठ महिने घोळत होतं. कारण बोळात सातवा खिळा होता आणि तो रिकामा होता. पोर यायच्या आदल्या दिवशी बाबांनीच तो ठोकला होता. पहिला आठवडा गेला. पहिला महिना गेला. सासूबाईंनी एकदा विषय काढला तर म्हणाले, उजेड कडक आहे. मग म्हणाले, रीळ संपलंय. मग म्हणाले, पोर सर्दीने लाल झालीये. काळ्यापांढऱ्या फोटोत नाक लाल दिसतं का हो? नणंद आली होती, तिने खिळ्याकडे बोट दाखवून सहज विचारलं, “हिचा कुठाय गं?” सूनबाई हसून “लागेल की” म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आली.

नवरा म्हणाला, “मी विचारू का बाबांना?”

“खबरदार विचारलंस तर.” मागून मिळालेला फोटो काय चाटायचाय? लावणाऱ्याला तो लावावासा वाटला पाहिजे. तिला स्वतःचं काही नव्हतं. पण पोर उद्या मोठी होणार, दिवसातून वीसदा त्या बोळातून जाणार, कधीतरी मान वर करून सहा चेहरे मोजणार आणि विचारणार, माझा कुठे? तेव्हा काय सांगायचं? आणि तरी बाबांचा तिला राग येत नव्हता, हेच तर जास्त दुखत होतं. माणूस दुष्ट असता तर सोपं गेलं असतं.

मंगळवारी सकाळी नवरा कामाला आणि भिंगरी पाळणाघरात गेली. सासूबाई आत धुतलेले कपडे घड्या घालत होत्या. सूनबाईने जुना फोन बाबांच्या हातात दिला. चाचणीसाठी फोटो भिंगरीचाच घातला होता, पाळणाघरात खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवतानाचा. त्यावर कार्ड: उद्या मुलांना जादा कपडे पाठवावेत.

“बाबा, मागचं कसं दिसतंय सांगा. जास्त झालंय की कमी?”

बाबांनी फोन खिडकीकडे धरला आणि डावा डोळा मिटला. ही त्यांची जुनी सवय. काहीही पारखायचं झालं, फोटो असो, कापड असो नाहीतर जावई असो, डावा मिटून उजव्याने बघायचं. कॅमेऱ्याला लावायचा तो उजवा, म्हणून पारखायचा तोही उजवाच. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “वा! छान विरघळलंय मागचं. अगदी मऊ. एवढंच ठेव, हलवू नकोस.”

सूनबाईने फोन परत घेतला आणि पडद्याकडे बघतच राहिली. आदल्या दिवशी वेग मोजायला तिने धूसर करायचं बटण बंद केलं होतं आणि ते चालू करायचं साफ विसरली होती. मागचा फोटो लख्ख होता. भिंगरीचे दात मोजता येत होते.

म्हणजे ह्यांनी बघितलंच नव्हतं. वाटेला लावायचं म्हणून छान म्हणून टाकलं. जसं उजेड कडक आहे, जसं रीळ संपलंय. आठ महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, ती कशी जाते ते तिला त्या दिवशी कळलं.

“न बघताच छान म्हणालात, बाबा. धूसर केलेलंच नाहीये काही. बटण बंद आहे.” तिचा आवाज चढला नाही, कापला. “तुम्हाला तिच्याकडे बघायचंच नसतं ना? फोटोतसुद्धा नाही. मग खिळा तरी कशाला ठोकलात? काढून टाका तो. पोरीला समजायच्या आत काढून टाका.”

बाबा उठले, दाराची चौकट हाताने चाचपली आणि मागच्या खोलीत निघून गेले. चौकट चाचपलेली सूनबाईने पाहिली, पण तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि डोक्यात धूर.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात भिंगरीचा एवढासा झगा.

“झालं बोलून?”

“आई, मी काही खोटं—”

“मी काही बोलणार नाही. मला शपथ घातलीये, तोंडाला कुलूप लावलंय माझ्या.” त्यांनी झग्याची घडी घातली, मोडली, परत घातली. “साखर म्हणून चहात मीठ घालणाऱ्या माणसाबरोबर मी आठ महिने गप्प बसून चहा प्यायलेय, तर आजही गप्प बसेन. पण कपाटाचा मधला खण कुणी उघडू नये, असं काही मला सांगितलेलं नाही.”

मधला खण घट्ट बसायचा. सूनबाईने तो दोन हातांनी ओढला. आत जुन्या रिळांचे डबे, एक भिंग आणि एक जाड पाकीट. पाकिटात फोटो होते. एकवीस. तिने दोनदा मोजले.

सगळ्यांत भिंगरी होती. आणि एकही नीट आलेला नव्हता. दाराशी बसून बुटाची पट्टी लावणारी भिंगरी, कडा विरघळलेली. पायरीवर, अंगणात, आजीच्या पाठीवर. चेहऱ्याच्या जागी नुसता उजेडाचा गोळा, पण मान वाकडी करायची लकब तीच. काहींत मागची भिंत लख्ख आणि पोर धूसर, म्हणजे नेम एक वीत मागे गेलेला. पुढच्या पुढच्या फोटोंत तर ती आईलाच काय ती ओळखू आली, दुसऱ्या कुणाला येती ना.

तिने पहिला फोटो उलटा केला. मागे बाबांचं वळणदार अक्षर. तारीख भिंगरी घरात आल्यापासून चौथ्या दिवसाची. आणि खाली लिहिलं होतं: माझी नात.

दुसऱ्याच्या मागे, माझी नात. तिसऱ्याच्या मागे तेच. एकवीसच्या एकवीस. अक्षर हळूहळू मोठं होत गेलेलं, ओळी खाली घसरत गेलेल्या, शेवटच्या फोटोवर ‘नात’मधला त कागदाच्या बाहेरच पडला होता.

दुसऱ्यांचे धूसर फोटो आयुष्यभर टराटरा फाडणाऱ्या माणसाने ह्यातला एकही फाडला नव्हता. सूनबाई तिथेच जमिनीवर बसली. देवा, काय बोलून बसले मी, असं मोठ्याने म्हणाली आणि रडली. सासूबाईंनी झगा तिच्या हातात दिला, नाक पुसायला.

मागच्या खोलीत बाबा स्टुलावर बसले होते, पाठ दाराकडे. ती जाऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.

“बाबा, माझ्या जिभेला हाड नाही.”

“कुणी सांगितलं तुला?”

“खणाने.”

“खणाने,” ते म्हणाले, आणि दाराकडे बघून मोठ्याने, “खणाचं तोंड फार सैल आहे ह्या घरात!” दाराबाहेर बांगड्या वाजल्या.

किती दिसतं, असं विचारायचं तिच्या तोंडावर आलं होतं, पण असा प्रश्न विचारायचा कसा? आणि ज्याने उभ्या जन्मात ‘मला दिसत नाही’ हे वाक्य उच्चारलं नाही, त्याने उत्तर तरी कुठल्या शब्दांत द्यायचं? तिने फोन काढला. धूसर करायचं बटण चालू केलं. खाली सरकवायची पट्टी होती, शून्यापासून पंचवीसपर्यंत. पट्टी शून्यावर ठेवून तिने फोन त्यांच्या हातात दिला.

“डाव्याने नीट दिसतंय ना अजून?”

“डाव्याने नाकाशी धरलेलं तेवढं दिसतं. पण तो काही कामाचा नाही. त्याला कॅमेरा लावला की वाकडा बसतो, आणि सरळ करेपर्यंत तुझी लेक पार दारापलीकडे.”

“मग फोन नाकाशी धरून डाव्याने हा फोटो बघा. आणि उजव्याला जसा दिसतो, तसा डाव्याला दिसेपर्यंत ही पट्टी सरकवा.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. कामाची गोष्ट निघाली की त्यांचा चेहराच बदलायचा. त्यांनी उजवा डोळा मिटला, डाव्याने पडद्याकडे पाहिलं. मग डावा मिटला, उजवा उघडला. असे आळीपाळीने डोळे मिटत, अंगठ्याने पट्टी केसभर पुढे, केसभर मागे. स्टुडिओत लोक त्यांच्यासमोर ताटकळत बसायचे ते ह्याच कारणासाठी. घाई म्हणून नाही. शेवटी त्यांनी फोन तिला दिला.

पट्टी एकोणीसवर होती.

पडद्यावर एक पांढुरका डाग होता आणि वर काळसर डाग. टाळ्या नव्हत्या, दात नव्हते, खुर्चीही नव्हती. तिची पोर त्यांना अशी दिसत होती.

“इतकं, बाबा?”

“आत्ता इतकं. ती आली तेव्हा बारा असेल.” त्यांनी गुडघे चोळले. “तुझ्या साहेबांना बारा दे. बाराला मागचं मऊ होतं आणि माणूस ओळखू येतं. एकोणीसला माणूस जातं.”

आता मात्र तिला आवरेना. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आधी तो खांद्यावर पडला, मग डोकं सापडलं. “पहिला काढला, धुतला, बघितलं तर हललेला. म्हटलं, हात कापला असेल. दुसराही तसाच. मग कळलं, हात नाही. अगं, रोज वाटायचं उद्याचा नीट येईल. पोरीचा पहिला फोटो मी धूसर लावू? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, ती काय म्हणेल मोठी झाल्यावर? सगळ्यांचे नीट काढले आणि माझाच तेवढा कसातरी?”

दोघांना एकच भीती होती, आणि दोघांनी ती एकमेकांपासून आठ महिने लपवली होती!

“डॉक्टरांकडे का नाही गेलात?”

“उजवा डोळा म्हणजे माझं दुकान आहे. दुकानात कुणी हत्यार घेऊन शिरलेलं मला खपायचं नाही.”

“दुकान बंदच आहे की, बाबा. हत्यार घेऊन येणारा शटर उघडायला येतोय.”

बाबा म्हणाले, “तू साहेबांशीही असंच बोलतेस का?”

“त्यांच्याशी जरा बरं बोलते.”

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि कपाळाला हात लावला. “मोतीबिंदू केव्हाचा पिकलाय. इतके दिवस काय करत होतात, आजोबा?” “फोटो काढत होतो,” बाबा म्हणाले. ऑपरेशनच्या दिवशी तोंड एवढंसं झालं होतं. आत नेताना त्यांनी सूनबाईचा हात इतका घट्ट धरला, की नर्सला बोटं सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी काढली. घरी आले, बाहेरच्या खोलीत बसले, आणि भिंगरी नेहमीसारखी धावत येऊन त्यांच्या गुडघ्यांवर आदळली. बाबांनी तिचा चेहरा दोन हातांत धरला आणि डावा डोळा मिटला.

“हिच्या भुवईत तीळ आहे!”

“नऊ महिने आहे,” सासूबाई म्हणाल्या. कुलूप निघाल्यापासून त्यांना बोलायला जोर आला होता.

“मला कुणी सांगितलं नाही?”

“तुम्ही कुणाला काय सांगितलंत?”

बाबा तीळ बघत होते. भिंगरीला कुणी इतका वेळ धरून ठेवलेलं चालत नाही, पण त्या दिवशी ती का कोण जाणे, उभी राहिली, आणि मग तिने आपणहून आजोबांसारखा एक डोळा मिटायचा प्रयत्न केला. दोन्ही मिटले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तिचा फोटो काढला. कधी ते कुणाला कळलं नाही. एका सकाळी सूनबाईच्या कामाच्या टेबलावर उभा करून ठेवलेला सापडला. भिंगरी आंघोळीनंतर टॉवेलात, ओले केस कपाळावर, आणि भुवईतला तीळ असा लख्ख की बोट लावावं. सूनबाई तो छातीशी धरून बोळात आली, सातव्या खिळ्याला लावायला. ह्या वेळी आपण लावू म्हणाली, बाबांच्या देखत.

खिळा रिकामा नव्हता.

खिळ्यावर पहिला फोटो होता. चौथ्या दिवसाचा. दाराशी बसून बुटाची पट्टी लावणारी, कडा विरघळलेली, बारा नंबरची. काच लावून, इतर सहांसारख्याच चौकटीत.

महिन्याभराने नणंद आली. बोळात थबकली. “बाबा! आणि हललेला फोटो? तुम्ही?” ती चौकटीच्या अगदी जवळ गेली. “तो टेबलावरचा इतका छान आलाय, तो का नाही लावला?”

बाबा चहा पीत होते. त्यात साखर होती.

“पहिल्या आठवड्याचा फोटो लावायचा असतो,” ते म्हणाले. “आणि ती आली त्या आठवड्यात मला ती अशी दिसली. अशी दिसली, तरी कळलं मला, आपली आहे.”

भिंगरी बोळातून धावत आली, फोटोसमोर थांबली आणि मान वर करून म्हणाली, “मी.” मग पुन्हा धावत गेली.